कोवळी काकडी आणि पिकलेले तवसे

काकडी हे आपण कच्चे खातो असे फळ आहे. आंबा, पपई, चिकू पिकायची आपण वाट पाहतो. काकडी मात्र पिवळी पडू लागली की हातची गेली असे म्हणतो. बिया मऊ, साल पातळ आणि गर पाण्याने भरलेला असताना ती तोडायची, हे तिचे गणित. परसात किंवा गच्चीवर काकडी लावणाऱ्यांना नेहमी पडणारे प्रश्न ठरलेले असतात. कडू का लागली, एका टोकाला बारीक का राहिली, दोन दिवसांत लुळी का पडली, फ्रिजमध्ये ठेवूनही बुळबुळीत का झाली? यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे तिच्या कोवळेपणात दडलेली आहेत. कोवळे फळ टिकण्यासाठी घडलेलेच नसते. त्याचे बी तयार झालेले नसते, म्हणून त्याची साल आणि गरही टिकाऊ होण्याच्या वाटेवर असतात, तिथे पोहोचलेले नसतात. हे ध्यानात ठेवून काकडी लावली आणि तोडली, तर साठवणुकीचा अर्धा प्रश्न बागेतच सुटतो.

काकडी मूळची आपल्याच भूमीतली. तिची रानटी बहीण हिमालयाच्या पायथ्याशी आजही उगवते आणि सह्याद्रीतही आढळते. तिची फळे लहान, बियांनी भरलेली आणि कमालीची कडू असतात. त्या रानफळापासून माणसाने निवडत निवडत आजची गोड काकडी मिळवली; पण उबदार, दमट हवेची आवड आणि थंडीचे वावडे या तिच्या मूळ सवयी गेल्या नाहीत. जमिनीचे तापमान १५-१६ अंशांच्या खाली असले की बी रुजायला नकार देते. २५ ते ३० अंशांत ते चार-सहा दिवसांत वर येते. म्हणून महाराष्ट्रात काकडी दोनदा पेरली जाते. एकदा जून-जुलैमध्ये पावसाबरोबर आणि दुसऱ्यांदा थंडी ओसरताना, जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीत. ऐन डिसेंबरात पेरलेले बी घाटमाथ्यावर रुसून बसते. कोकणपट्टीत मात्र हिवाळा सौम्य असल्याने तेवढी अडचण येत नाही.

वाण निवडताना आपल्याकडे चांगले पर्याय आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘हिमांगी’ आणि ‘फुले शुभांगी’, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे भरपूर पावसाच्या भागासाठीचे ‘शीतल’ आणि जुना ओळखीचा ‘पुणे खिरा’ ही नावे बियाण्यांच्या दुकानात ऐकू येतात. हिमांगीची फळे पांढरट असतात. बाल्कनीत, दहाव्या मजल्यावर, जिथे मधमाश्या फारशा फिरकत नाहीत, तिथे मात्र पॉलिहाउससाठी तयार केलेले बिनबियांच्या काकडीचे वाण घ्यावे. त्यांना फळ धरायला परागीभवन लागतच नाही. बियाण्याच्या पाकिटावर ही गोष्ट लिहिलेली असते. ती वाचून मगच पैसे द्यावेत.

बी रात्रभर पाण्यात भिजवून सुमारे दोन सेंटिमीटर खोल टोकावे. काकडीच्या मुळांना हात लावलेला खपत नाही, म्हणून शक्यतो जागेवरच पेरावे. रोप करायचेच असेल तर कागदी पेल्यात किंवा नारळाच्या करवंटीत करून, दोन खरी पाने फुटताच मातीच्या गड्ड्यासकट हलवावे. परसात आळे करून त्यात दोन पाट्या कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. कुंडीत लावणार असाल तर किमान वीस लिटरची, खाली भोके असलेली कुंडी किंवा ग्रो बॅग घ्यावी आणि तिच्यात एकच वेल ठेवावा. छोट्या कुंडीत वेल जगतो, पण दुपारी माती तापून कोरडी पडते आणि फळे कडवट होतात. चार माणसांच्या घराला एका वेळी दोन-तीन वेल पुरतात.

वेल जमिनीवर पसरू देता येतो, पण आपल्या पावसात ते टाळलेले बरे. ओल्या मातीला टेकलेले फळ एका बाजूने पिवळे पडते आणि कुजते. बांबूची ताटी, तारेची जाळी किंवा सुतळी ताणून केलेला पाच-सहा फुटांचा आधार पुरतो. वेलाचे तणावे आधाराला स्पर्श होताच त्याभोवती गुंडाळतात आणि मग स्प्रिंगसारखे पीळ घेऊन वेलाला वर ओढतात. मांडवावर काकडी लोंबती राहिल्याने सरळ वाढते, वारा खेळता राहिल्याने पानांवर रोग कमी पडतो आणि तोडताना एखादे फळ पानाआड विसरले जाण्याची शक्यताही कमी होते. हा शेवटचा फायदा दिसतो त्याहून मोठा आहे, त्याकडे पुढे येऊ.

पेरल्यापासून साधारण पाच-सहा आठवड्यांत फुले दिसतात आणि नवख्या बागवानाचा पहिला हिरमोड इथेच होतो. पिवळीधमक फुले येतात आणि गळून जातात, काकडी एकही नाही! ही सगळी नरफुले असतात. काकडीच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगळी फुले लागतात, आणि नरफुले आठवडाभर तरी आधी येतात. मादी फूल ओळखायला सोपे असते, कारण त्याच्या मागे बोटाच्या पेरापेक्षाही लहान काकडी आधीपासून तयार असते. उन्हाळ्यातले लांब, तापलेले दिवस नरफुलांचे प्रमाण वाढवतात; लहान दिवस आणि बेताची हवा मादी फुलांचे. या ठरवाठरवीत वेलाच्या अंगी तयार होणाऱ्या इथिलीन वायूचा मोठा हात असतो. म्हणूनच काही शेतकरी रोप दोन ते चार पानांचे असताना इथिलीन देणारे औषध फवारून मादी फुले वाढवतात. घरच्या बागेत त्याची गरज नाही, पण या वायूचे नाव लक्षात ठेवावे. काकडी टोपलीत आल्यावर तो पुन्हा भेटतो.

मादी फूल सकाळी उमलते आणि एकच दिवस टिकते. काकडीत शेकडो बिया धरायच्या असतात आणि प्रत्येक बीसाठी निदान एक परागकण लागतो. त्यामुळे एखादी मधमाशी एकदा बसून गेली, एवढ्याने भागत नाही. तिच्या किंवा तिच्यासारख्यांच्या अनेक फेऱ्या व्हाव्या लागतात. पराग कमी पडले की फळाच्या काही भागात बिया धरतात, काहीत धरत नाहीत. जिथे बी वाढते तिथला गर फुगतो, जिथे नाही तिथला तसाच राहतो. बाटलीच्या गळ्यासारखी निमुळती किंवा विळ्यासारखी वाकडी काकडी बहुधा अशी तयार होते. सातेरी आणि फुलोरी मधमाश्या परसात याव्यात म्हणून जवळ तुळस, झेंडू, तीळ लावावे आणि फुलांच्या वेळी कसलीही फवारणी करू नये. माश्या येतच नसतील तर सकाळी नऊच्या आत ताजे नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवावा. एका मादी फुलासाठी दोन नरफुले वापरली तर बरे.

आता कडवटपणा. काकडीच्या वेलाच्या पानांत आणि खोडात कुकुरबिटासिन नावाचे कडू द्रव्य असते. किडे आणि गुरे यांच्यापासून वेलाचे रक्षण करण्यासाठी ते आहे. रानकाकडीच्या फळातही ते भरलेले असते. माणसाने निवड केली ती फळात हे द्रव्य न बनवणाऱ्या वेलांची. चीनमधल्या संशोधकांनी २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की पानात आणि फळात कडवटपणा सुरू करणाऱ्या जनुकांच्या कळी वेगवेगळ्या आहेत. लागवडीच्या काकडीत फळाची कळ बहुतेक वेळा बंद असते. पण काही वाणांत वेल तहानलेला राहिला, हवा अचानक तापली किंवा गारठली, की ती पुन्हा चालू होते. म्हणून आज भरपूर आणि चार दिवस अजिबात नाही असे पाणी देण्याऐवजी रोज थोडे दिलेले केव्हाही चांगले. काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. ते येणार कुठून, तर मुळांतून. आळ्यात वाळलेल्या पाल्याचे किंवा भाताच्या पेंढ्याचे आच्छादन दिले की ओल टिकते. उन्हाळ्यात दुपारी पाने माना टाकतात, त्याने घाबरून लगेच पाणी ओतू नये. संध्याकाळी ती सावरली नाहीत तर मात्र पाणी खरोखर कमी पडते आहे.

देठाकडचा तुकडा कापून तोच कापलेल्या भागावर चोळायचा आणि फेस काढायचा, हा आपल्या स्वयंपाकघरातला नेम आहे. चोळण्याचा भाग बाजूला ठेवला तरी तुकडा कापून टाकण्याला चांगला आधार आहे, कारण कडवटपणा देठाकडच्या टोकाला आणि सालीच्या लगतच सर्वात जास्त असतो. साल काढताना सुरुवात फुलाच्या टोकाकडून करून देठाकडे यावे, म्हणजे कडू रस सोलण्याबरोबर सगळ्या काकडीला लागत नाही. एखादी काकडी विषासारखी कडू लागली तर मात्र चवीला मीठ-साखर घालून संपवू नये, सरळ टाकून द्यावी. याच कुळातल्या कडू दुधीचा रस पिऊन माणसे गंभीर आजारी पडल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू रस पिऊ नये असे बजावले आहे. शेजारी कारले लावले म्हणून काकडी कडू झाली, अशी शंका काही जणांना येते. कारल्याचा आणि काकडीचा संकर होत नाही. दोघे शेजारी सुखाने नांदतात.

कीड-रोगांत घरच्या बागेला सर्वात जास्त छळते ती फळमाशी. ती कोवळ्या फळात अंडी घालते, आत अळ्या होतात आणि फळ वाकून सडते. मादी फूल मिटले की त्या चिमुकल्या काकडीवर कागदी पिशवी चढवावी, हा बाल्कनीतला सर्वात सोपा उपाय. परसात कामगंध सापळा लावता येतो. सडलेली फळे खताच्या खड्ड्यात टाकू नयेत, नाहीतर तिथूनच नव्या माश्या निघतात. ती पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत किंवा खोल पुरावीत. पानांवर पांढरी पूड दिसली तर ती भुरी; पानांवर पिवळे, कोनाकोनांचे डाग पडून खालची बाजू करडी दिसली तर तो केवडा. केवड्याला ओली पाने फार मानवतात. म्हणून पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावे, संध्याकाळी पानांवर झारी फिरवू नये. रोगट पाने लगेच काढून टाकावीत.

फूल उमलल्यापासून आठ ते बारा दिवसांत काकडी तोडायला येते. कोशिंबिरीसाठी ती वीतभर, एकसारख्या रंगाची आणि हाताला कडक लागली की झाले. मोसमात रोज, निदान दिवसाआड वेलाखाली जावे, कारण पाऊस आणि ऊब असली की काकडी दोन दिवसांत दुप्पट होते. पानाआड राहिलेली एक काकडी पिकू लागली की वेल आपली साखर तिच्या बियांकडे वळवतो आणि नवी फळे धरणे मंदावते. वेलाच्या लेखी बी तयार झाले की काम संपले. सतत तोडत राहणे म्हणजे त्याला ते काम पुन्हा पुन्हा सुरू करायला लावणे. तोडताना ओढू नये, कात्रीने कापावे आणि फळावर सेंटिमीटरभर देठ ठेवावा. देठ उपटला की तिथे झालेली जखम सडण्याची पहिली जागा ठरते. तोडायची ती सकाळी, ऊन चढण्याआधी. रात्रभर मुळांनी ओढलेले पाणी तेव्हा फळात भरलेले असते.

इथून साठवणूक सुरू होते आणि इथेच घरोघर दोन उलट्या चुका होतात. पहिली चूक, काकडी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडी ठेवणे. तोडलेले फळ श्वास घेत राहते आणि त्याच्या पातळ सालीतून पाणी उडत राहते. मे महिन्यात नागपूर-विदर्भात ती एका दिवसातच मऊ पडायला लागते. दुसरी चूक, ती फ्रिजच्या सर्वात थंड कप्प्यात ठेवून विसरणे. काकडीला सर्वात मानवते ते १० ते १२.५ अंशांचे तापमान आणि ९५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता. अशा हवेत ती दहा ते चौदा दिवस चांगली राहते. घरचा फ्रिज साधारण चार अंशांवर असतो. दहा अंशांखाली काही दिवस राहिली की तिच्या पेशींची आवरणे बिघडतात, सालीवर खड्डे आणि पाणचट डाग पडतात. गंमत अशी की आत असताना ती ठीक दिसते आणि बाहेर काढल्यावर काही तासांतच चिकट होते. ही थंडीची इजा आहे, काकडी शिळी असल्याची खूण नव्हे.

मग करायचे काय? तीन दिवसांत खायची असेल तर फ्रिज चालतो, पण भाजीच्या कप्प्यात किंवा कमी थंड फळीवर; मागच्या भिंतीला चिकटवून नको. काकडी धुवायची नाही, कोरड्या सुती कापडात गुंडाळून हवेला किंचित वाट असलेल्या पिशवीत ठेवायची. कापड जास्तीचा ओलावा टिपते आणि पिशवी बाकीचा अडवते. बाजारातल्या लांब, पातळ सालीच्या काकड्यांवर प्लास्टिक घट्ट लपेटलेले दिसते, ते याच पाण्यासाठी. मात्र पिकलेली केळी, टोमॅटो, आंबे, सफरचंद यांच्या शेजारी काकडी ठेवू नये. ही फळे पिकताना इथिलीन सोडतात आणि काकडी त्या वायूने पिवळी पडते. वेलावर मादी फुले देणारा वायू टोपलीत मात्र तिचे आयुष्य कमी करतो.

फ्रिज नसला किंवा काकड्या एकदम टोपलीभर आल्या, तर पाण्याच्या बाष्पीभवनाचा उपयोग करावा. माठाच्या ओल्या तळाशी, ओल्या कापडाने झाकलेल्या टोपलीत काकडी खोलीपेक्षा गार आणि दमट राहते. दिल्लीच्या पुसा संस्थेतले शास्त्रज्ञ एस. के. रॉय आणि डी. एस. खुर्डिया यांनी १९८० च्या दशकात याच तत्त्वावर शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, त्यांच्यात सुमारे साडेसात सेंटिमीटरची फट, त्या फटीत वाळू, वर गवताचे किंवा वाळ्याचे झाकण आणि दिवसातून दोनदा पाणी. वीज लागत नाही. कोरड्या हवेत तो सर्वात चांगला चालतो, त्यामुळे मराठवाडा, खानदेश, विदर्भ इथल्या उन्हाळ्याला तो अगदी साजेसा आहे. पावसाळी कोकणात हवाच ओलीचिंब असल्याने बाष्पीभवन मंदावते आणि तिथे त्याचा तितका उपयोग होत नाही.

कापलेली काकडी झाकून फ्रिजमध्ये ठेवावी आणि त्याच दिवशी संपवावी. खमंग काकडी करताना चोचवलेल्या काकडीला मीठ अगदी वाढायच्या वेळी लावतात, कारण मीठ पेशींतले पाणी बाहेर ओढते. दाण्याचे कूट सुटलेले पाणी धरून ठेवते. उलट थालीपिठात किंवा घारग्यांत हेच सुटलेले पाणी पीठ भिजवायला कामी येते. फ्रीझरमध्ये अख्खी काकडी ठेवण्यात अर्थ नाही, बर्फाच्या कण्यांनी पेशी फुटून ती बाहेर येताच लिबलिबीत होते. किसून ठेवलेला कीस थालीपिठापुरता चालतो, कोशिंबिरीला नाही.

खरोखर महिनोन्‌महिने टिकते ती पिकलेली काकडी. कोकण-गोव्यातले तवसे ही त्याच जातीची काकडी, फक्त मोठ्या फळांची आणि वेलावर पूर्ण पिकू दिलेली. पावसाळ्याच्या अखेरीस त्याची साल पिवळट-तपकिरी, जाड आणि कडक होते, बिया टणक होतात. साल घट्ट झाल्याने पाणी उडणे मंदावते आणि फळ स्वतःहून टिकाऊ होते. अशी तवसी कोकणात वाशाला टांगून ठेवतात. एकावर एक रचली तर दाबाने कुजतात, टांगल्याने चहूबाजूंनी वारा लागतो. पिकलेल्या गराला किंचित आंबट चव येते, म्हणून गूळ आणि तांदळाचा रवा घालून त्याचे धोंडस किंवा तवसाळी करतात. कोशिंबिरीची काकडी असे टांगून ठेवून उपयोग नाही, आणि तवसे कोवळेपणी तोडले तर तेही साध्या काकडीइतकेच अल्पायुषी. टिकाऊपणा जातीपेक्षा वयावर अवलंबून असतो, हे इथे स्वच्छ दिसते.

बी घरचेच धरायचे असेल तर मोसमाच्या शेवटी सर्वात जोमदार वेलावरची एक काकडी पिवळी होईपर्यंत ठेवावी, तोडून आणखी दोन आठवडे घरात राहू द्यावी आणि मग बिया गरासकट पाण्यात एक-दोन दिवस आंबवाव्यात. बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटते, भरलेल्या बिया तळाशी बसतात. त्या धुऊन सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवाव्यात. काही वर्षे चालतात. संकरित वाणाचे बी धरू नये, पुढच्या पिढीत गुण विखुरतात. परसात तवसे आणि काकडी दोन्ही असतील तर माश्या त्यांचा संकर करतात. त्याने यंदाच्या फळाची चव बदलत नाही, पण त्या बियांतून पुढच्या वर्षी काय उगवेल याची खात्री नसते.

म्हणून घरच्या काकडीचे नियोजन तोडणीपासून मागे मोजत करावे. कोवळे फळ घरी आठ-दहा दिवसांपलीकडे राखता येत नाही, तेव्हा एकदम दहा बिया टोकण्यापेक्षा दर तीन आठवड्यांनी दोन-तीन टोकाव्यात. पहिला वेल थकू लागतो तेव्हा दुसरा फळावर येतो, आणि टोपलीत कधीही चार-पाचांहून जास्त काकड्या जमत नाहीत. ज्याच्याकडे मांडव आणि पावसाळा दोन्ही आहेत, त्याने कडेला एक तवशाचा वेल सोडावा. दिवाळीनंतर कोवळ्या काकडीची बाजारात चणचण असते, तेव्हा घरात तवसे असते.